राग करून दाखव की

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. गडमुडशिंगीहून रोज बसने कोल्हापूरला जाते. मानसशास्त्र घेतलं तेव्हा त्यात नोकरी कुठे असते हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळलं नव्हतं. मलाही अजून नीटसं कळलेलं नाही. पण भाचीने शाळेत एका मुलीला चावा घेतला आणि माझ्या शिक्षणाला घरात पहिल्यांदा काम मिळालं.

भाची म्हणजे माझ्या भावाची मुलगी, सहा वर्षांची. वर्गाच्या बाईंनी वहिनीला बोलावून सांगितलं, पुन्हा चावली तर गॅदरिंगच्या नाचातून काढणार. नाच पंधरा दिवसांवर होता आणि भाची तो जेवताना, अंघोळ करताना, अगदी झोपेतही करत होती.

"एवढी शिकतीयास, बघ की तिच्या डोसक्यात काय हाय ते," आबा म्हणाले.

मी वही घेऊन भाचीसमोर बसले. राग आधी अंगात कुठे येतो, असं विचारायचं असतं. मी विचारलं.

"कानात," ती विचार करून म्हणाली. "कान गरम हुत्यात. मग दातात येतोय."

आमच्या वर्गात इतकं नेमकं उत्तर कुणी दिलं नसतं. मीही नाही.

"आणि कशानं येतो?"

"मला डेअरीतनं आणलंय म्हटल्यावर."

इथे माझं पेन थांबलं. कारण हे चिडवणं म्हणजे आमच्या घरची करमणूक होती. पाहुणा आला, चहा ठेवला, की आबा सुरू करायचे, "ही आमची न्हवंच. दूध घालाय गेलतो, तवा डेअरीतनं आणली. उद्या परत द्यायची हाय." भाची लालबुंद व्हायची, मुठी आवळून अंगावर धावायची आणि पाहुणे हसून लोळायचे. "राग करून दाखव की," अशी फर्माईशही व्हायची. पोरगी तिखट आहे, याचं सगळ्यांना कौतुक. मीही त्याचा व्हिडिओ काढून मैत्रिणींना पाठवला होता. शाळेतल्या त्या मुलीने फक्त एवढंच विचारलं होतं, "तू डेअरीतली न्हवं?"

रात्री जेवताना मी हे चाचरत सांगितलं.

"म्हंजे आता नातीला चिडवायचं बी न्हाय?" आबा कडाडले. "आमाला बी चिडवलंय ल्हानपणी. आमी काय रागीट झालो व्हय?" आणि तांब्या असा आपटला की पाणी वहिनीच्या ताटात गेलं.

शेवटी गॅदरिंगपर्यंत चिडवणं बंद ठेवायचं ठरलं. आबांना ते फार जड गेलं. पाहुण्यांशी दुसरं काय बोलायचं, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता. भाचीला मी एकच गोष्ट शिकवली. कान गरम झाले की "मला राग आलाय" म्हणायचं आणि तिथून उठून जायचं.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी राधानगरीहून माझे मामा आले. त्यांना आमचा ठराव माहीत नव्हता.

"काय गं डेअरीवाले, परत कधी द्यायची तुला?"

भाचीने कानाला हात लावून बघितला. "मला राग आलाय. मी गोठ्यात जातो," म्हणाली आणि गेली. ओरडली नाही, चावली नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मामांचा चेहरा पडला. "पावण्याच्या तोंडावर उठून जाती? चावली असती तर चाललं असतं की! ही कसली रीत?" ते चपला शोधायला लागले.

"आण तिला. मामाच्या पाया पडू दे," आबा मला म्हणाले. "तूच शिकवून ठेवलंयस."

आबांना मी कधी उलट बोलले नव्हते. तरी म्हणाले, "न्हाय आणणार. तिला राग आला, ती उठून गेली. मामा बी तेच करायलेत की."

वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली. मामा एक चप्पल घालून तसेच उभे राहिले. मग चहा झालाय म्हटल्यावर बसले.

दुसऱ्या दिवशी भाची नाचली. मागच्या ओळीत, सगळ्यांच्या उलट्या दिशेला, पण नाचली. आबा आणि मामा शेजारी शेजारी बसून टाळ्या वाजवत होते. माझ्याशी दोघंही बोलत नव्हते.