घोयरीची अंडी

आमच्या प्राणी उपचार केंद्रात पायाला जखम झालेली घोयरी आली. घोयरा म्हणजे रंग बदलणारा, फार नाजूक जातीचा सरडा; ही त्यातली मादी. मी तिच्यासाठी जाळीचा पिंजरा केला, आत करंजाचं रोप ठेवलं, दिवसातून चारदा पानांवर पाणी फवारलं. पंधराव्या दिवशी तिने नाकतोडे खायचं सोडलं. ती काळपट पडली आणि खाली उतरून पिंजऱ्याचे कोपरे उकरू लागली.

"हिला सुटायचंय. सोडू या," मी आमच्या डॉक्टर सुलभाताईंना म्हटलं.

"अगं, पोट बघ तिचं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आत ओल्या मातीची बादली ठेवली.

दुसऱ्या सकाळी मातीत बावीस अंडी होती. सुटायची धडपड आणि आई होण्याची धडपड बाहेरून इतकी सारखी दिसते? की तिला दोन्ही हवं होतं?

जखम भरल्यावर तिला रानात सोडली. अंड्यांकडे तिने वळूनही पाहिलं नव्हतं. मी मात्र ती ओल्या मातीसह एका डब्यात ठेवली आहेत आणि गेले दोन महिने रोज डब्याचं झाकण उघडून बघते. ती जिवंत आहेत का, कळत नाही. सुलभाताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मलाही नाही कळत गं. पाणी शिंपड आणि झाकण लाव."