लंडनकाकांनी धरलेली जागा

माझा गळा लंडनकाकांनी वाचवला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे येणार आहे त्यात संशयच जास्त आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस उपकार विसरलेला दिसतो. तसं नाही. संशय आम्हा दोघांच्याही स्वभावात होता. माझ्यात परगावी आल्यामुळे आणि काकांच्यात परदेशातून परत आल्यामुळे.

काका बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, याला आपली सोनसाखळी हवी आहे. माझ्या गळ्यात साधा काळा दोराही नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटायची. येरवड्याला नगर रस्त्यावर सिक्स सीटर रिक्षांचा थांबा होता, तिथे मी पुकारा करायचो. "वाघोली, वाघोली, खराडी, वाघोली!" रोज सकाळी हा उंच, वाकलेला, पांढऱ्या केसांची शेंडी मागे बांधलेला माणूस समोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसायचा आणि माझ्या गळ्याकडे टक लावून बघायचा. सिक्स सीटरमध्ये आम्ही दहा-दहा माणसं कोंबत होतो. मला वाटलं, हा वाहतूकवाल्यांचा खबरी असणार.

मी गोंदियाकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. पुण्यात आलो ते खराडीच्या आयटीच्या इमारतींवर विटा वाहायला. ते काम झेपलं नाही, पण आवाज मोठा होता, म्हणून एका ड्रायव्हरने थांब्यावर उभं केलं आणि सगळे मला गोंदियाच म्हणायला लागले. थांब्यावरचा नियम सगळ्यांना माहीत होता: ज्याचा आवाज त्याची जागा. जागा कुणी लिहून देत नाही. आठवडाभर तुमच्याऐवजी दुसऱ्याने पुकारा केला की ड्रायव्हर त्याच्या आवाजाला सरावतात आणि तुम्ही गावाकडची गाडी पकडायची. पलीकडे बाळ्या नावाचा पुकारेवाला होता. तो माझ्या खोकल्याचीसुद्धा आस्थेने चौकशी करायचा. का करायचा, ते मला कळत होतं.

एक दिवस काका सरळ माझ्यापाशी आले.

"तू मान डावीकडे वाकडी करून ओरडतोस."

"मंग?"

"सकाळी उठल्यावर आवाज येत नाही ना? चहा पिईपर्यंत?"

ही गोष्ट मी खोलीतल्या पोरांनाही कळू दिली नव्हती. "तुम्हाले कायले पायजे?" असं मी जरा जोरातच विचारलं. ते म्हणाले, "मी इंग्लंडमध्ये एका रॉक बँडचा लीड सिंगर होतो. गळा कसा जातो ते मला माहीत आहे." आणि परत जाऊन चहा प्यायला लागले, जणू काही त्यांनी रस्ता कुठे जातो एवढंच सांगितलं होतं.

टपरी रशीदचाचांची. त्यांच्या तीन पिढ्या पुण्यातच गेल्या होत्या, आणि त्यांचं मराठी असं स्वच्छ, की ऐकणाऱ्याला आपला अपमान झाला हे घरी गेल्यावर कळायचं. मी विचारलं, "चाचा, खरं असंल का हो?" चाचा गाळणं झटकत म्हणाले, "असेल की. मीही तिथल्या राणीला चहा द्यायचो. तिला साखर कमी लागायची."

काकांना हे ऐकू गेलं होतं. ते रागावले नाहीत. "विश्वास ठेवू नका," ते म्हणाले. "ऐकल्या ऐकल्या विश्वास ठेवणारा माणूस ऐकल्या ऐकल्या सोडूनही जातो."

त्यांची हकीकत त्यांनी एका बैठकीत कधीच सांगितली नाही, तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. येरवड्यातच वाढले. गायला शिकले ते विहारात, वंदना म्हणताना. "तिथे माईक नव्हता, म्हणून श्वास शिकलो," असं म्हणायचे. मिसरूड फुटायच्या आत एका मामाबरोबर इंग्लंडला गेले आणि पावाच्या कारखान्यात लागले. तिथल्याच पोरांचा बँड होता. त्यांचा गाणारा लग्न करून दुसऱ्या गावी गेला आणि हे पुढे उभे राहिले. मग गावोगावचे हॉल, दारूचे गुत्ते, एक रेकॉर्ड, मोठ्या बँडच्या आधी अर्धा तास गायची संधी. "अर्धे लोक गाणं ऐकायला यायचे आणि अर्धे हा काळा कसा गातो ते बघायला. तिकीट दोघांनाही सारखंच होतं."

बँडचं नाव मात्र सांगायचे नाहीत. मी खनपटीला बसलो तेव्हा म्हणाले, "नाव सांगितलं की तू त्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेल्या आयटीतल्या एखाद्या पोराला कॉम्प्युटरवर शोधायला लावशील."

"सापडलं नाही तर?"

"म्हणूनच सांगत नाही."

आता यावर माणसाने काय समजायचं? मी म्हटलं, मग एक गाणं तरी म्हणून दाखवा. त्यांनी नुसती मान हलवली. टाळ्या वाजवणाऱ्यांचा त्यांना विशेष संशय होता. थांब्यावर गणपतीच्या दिवसांत कुणी वाजवत-गात गेलं आणि लोकांनी टाळ्या दिल्या, की काका टाळ्या देणाऱ्यांचे चेहरे न्याहाळत बसायचे. "यातले किती जण पुढच्या गाण्यापर्यंत थांबतात बघ," म्हणायचे.

मग पावसाळ्याच्या शेवटी माझा आवाज बसला तो उठेनाच. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. काही आठवडे पूर्ण गप्प राहा, नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतरही पहिल्यासारखा आवाज येईल याची खात्री नाही. काही आठवडे! आमच्या धंद्यात गप्प राहणं म्हणजे जागा सोडणं. मी थांब्यावर येऊन काकांना हे कुजबुजत सांगितलं. पुकारा करणारे आम्ही सगळे असंच समजत होतो, की घसा दुखला की कुजबुजावं, पेपरमिंट चघळावं आणि दुपारनंतर पुन्हा सुरू करावं.

काका एकदम उखडले. "कुजबुजू नको! त्याने तंतू जास्त घासतात. त्यापेक्षा ओरड. आणि ती गोळी थुंक. घसा बधिर झाला की माणसाला वाटतं बरं झालं. मी बधिर करून सबंध दौरा गायलो."

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. आदल्याच दिवशी मी काकांना बाळ्याबरोबर चहा घेताना पाहिलं होतं. मला गप्प बसवायचं आणि बाळ्याला उभा करायचा, असा हा डाव असणार. मी रात्रीच ठरवलं, सकाळी जायचं आणि जमेल तसा पुकारा करायचा.

सकाळी वळणावर पोचलो आणि लांबूनच ऐकू आलं. "वाघोली... वाघोली... खराडी." आवाज बाळ्याचा नव्हता. जाडसर, खालच्या पट्टीतला, कडेने जरा फाटलेला आवाज. माझ्या जागेवर, ज्या तुटक्या दगडावर चढून मी पुकारा करायचो त्यावर, लंडनकाका उभे होते.

म्हणजे डाव बाळ्याचा नव्हता, यांचाच होता! मी धावत गेलो, पण भांडायला आवाज लागतो आणि माझ्याकडे तो नव्हता. मी नुसते हात उडवत राहिलो. काकांनी ओठांवर बोट ठेवलं, मला दंडाला धरून चाचांच्या बाकावर बसवलं आणि अर्धा ग्लास पाणी आणि शीतपेयाची एक नळी हातात दिली. "नळीतून फुंकर घाल. बुडबुडे आले पाहिजेत. आवाज काढायचा नाही." मग दगडावर परत गेले आणि नव्या आलेल्या ड्रायव्हरला म्हणाले, "ही गोंदियाची जागा आहे. मी फक्त उभा आहे."

हे वाक्य ते दर सकाळी, दर ड्रायव्हरला सांगायचे. मी बाकावर बसून बुडबुडे काढत ते ऐकायचो, आणि तरीही माझा विश्वास बसत नव्हता. बाळ्या एकदा गोड आवाजात म्हणाला, "काका, या वयात कशाला घसा फोडताय? आम्ही आहोत ना."

"आहेस ना," काका म्हणाले, "म्हणूनच."

त्यांचा पुकाराही निराळा होता. आम्ही ओरडायला लागलो की थांबत नसू. ते तीनदा म्हणायचे आणि गप्प व्हायचे. त्या शांततेत माणसं वळून बघायची. "सारखा ओरडणारा माणूस गिऱ्हाइकाला हाकलतो," असं त्यांचं म्हणणं. गाड्या माझ्यापेक्षा सावकाश भरायच्या, हे मात्र खरं. ड्रायव्हर कुरकुर करायचे. काका ती कुरकुरही ऐकून घ्यायचे, जणू ती माझ्या वाट्याची होती.

एका सकाळी 'वाघोली' म्हणता म्हणता त्यांचा आवाज मध्येच गेला. तुटला वगैरे नाही, नुसता गेला. तोंड उघडं आणि बाहेर फक्त हवा. मी बाकावरून उठलो. त्यांनी मला हाताने बसवलं, डोळे मिटले, पोटावर तळवा ठेवला आणि त्याच शब्दाचा उरलेला तुकडा आणखी खालून, अगदी हळू, उचलून पुरा केला. घाबरले नाहीत की खाकरले नाहीत. हजार माणसांसमोर ज्याचा आवाज कधीतरी असा गेला असेल, त्यालाच ते जमावं.

चाचांनी किटली खाली ठेवली. "खरा आहे रे हा माणूस," ते म्हणाले. "खोटा असता तर पहिल्याच दिवशी छान गाऊन दाखवलं असतं."

डॉक्टरांनी गाठी विरल्या म्हणून सांगितलं त्या दिवशी काका दगडावरून उतरले. मी पहिला पुकारा केला. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि हात जोडावेत की रडावं हे मला कळत नव्हतं. काका एवढंच म्हणाले, "ठीक. मान सरळ ठेव." मी त्यांना मिठी मारायला गेलो तर दोन पावलं मागे सरकले.

त्या दुपारी त्यांनी शेवटचा तुकडा सांगितला. त्यांनाही डॉक्टरांनी असंच गप्प बसवलं होतं. बँडमधले सगळे म्हणाले, निवांत बरा हो, तुझी जागा कुठे जात नाही. बरे होऊन ते तालमीला गेले तर माईकपाशी दुसरा उभा होता. "सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या," काका म्हणाले. "एकजात सगळ्यांनी. त्या मुलानेसुद्धा." एवढं सांगून ते उठले.

पुढे सिक्स सीटर शहराबाहेर गेल्या. खराडीला कंपन्यांच्या बसेस आल्या आणि मी तिथे बसेसचं वेळापत्रक सांभाळायला आणि पुकारायला लागलो. आता हातात माईक आहे. श्वास काकांचा आहे. काका नागपूरला बहिणीकडे गेले. निघताना मी स्टेशनवर गेलो होतो, तर मला म्हणाले, "तू कशाला आलास? ड्यूटी नाही का?" गाडी सुटेपर्यंत त्यांना वाटत होतं, मला काहीतरी मागायचं आहे.

मध्यंतरी त्यांच्या बहिणीला फोन केला तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे काकांचा आवाज आता पूर्ण गेला आहे. दुसरी, आवाज चढवायचा नाही असं त्यांना डॉक्टरांनी माझ्या आजाराच्या कितीतरी आधीच बजावलं होतं. मी म्हणालो, "ताई, त्यांना सांगा, मी नागपूरला येतो. दवाखान्यात, बँकेत, जिथे बोलावं लागतं तिथे त्यांच्याबरोबर जातो."

पलीकडे बराच वेळ खाणाखुणा चालल्या असाव्यात. ताई हसत म्हणाल्या, "तो विचारतोय, ह्याला नक्की काय हवंय?"

"काही नको म्हणावं."

"म्हणतोय, काही नको म्हणणाऱ्यापासून जास्त सावध राहावं."

ताई सांगत होत्या, दवाखान्याच्या खिडकीवर न बोलणाऱ्या म्हाताऱ्यासाठी कुणी थांबत नाही. मागचे पुढे घुसतात आणि काका तपासणी न करताच घरी येतात. माझी पोरं लहान आहेत, रजा मिळत नाही, घराचे हप्ते चालू आहेत, हे सगळं खरं आहे. पण एक दिवस मी जाणार आहे. त्यांनी बोलावलं नाही तरी जाणार आहे. त्या खिडकीशी त्यांच्या शेजारी उभा राहीन आणि त्यांना जे म्हणायचं असेल ते, आत बसलेला माणूस मान वर करेपर्यंत, मोठ्याने म्हणेन. त्यांनी माझ्यावर घ्यायचा तेवढा संशय घ्यावा.