तुला काय वाटतं?

ग्वेन ब्रॅमिचने ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या विद्यापीठात आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं आणि तेवढ्या काळात आपलं स्वतःचं मत एकाही विद्यार्थ्याला कळू दिलं नाही. याचा तिला भारी अभिमान. कुणी विचारलंच, "पण यात बरोबर काय?" तर चष्मा कपाळावर सरकवून ती उलट विचारायची, "तुला काय वाटतं?" पोरं तिची नक्कल करायची. पुढे विद्यापीठाने नीतिशास्त्राचा विभागच गुंडाळला.

मग दक्षिणेकडच्या खाडीत सामन मासे पाळणाऱ्या एका कंपनीने तिला बोलावलं. कंपनीला नीतिमत्ता हवी होती, म्हणजे भिंतीवर लावायला. ग्वेनला हे कळत नव्हतं असं नाही, पण घरी बसून करणार काय? सकाळच्या चहानंतर पत्र्याच्या शेडमध्ये ती कामगारांना तीन कसोट्या शिकवू लागली: परिणाम काय होईल, कर्तव्य काय सांगतं आणि भला माणूस इथे कसा वागेल. माणसाला लावता तशाच त्या कंपनीलाही लावा, असं ती बजावून सांगायची.

बाकीचे पेंगायचे. डॅरिल डॉड मात्र कान देऊन ऐकायचा. तो पाणबुड्या, सामन पाळायच्या जाळ्यांच्या तळाशी उतरून मेलेले सामन वर काढायचा. "काय गं प्रोफेसरीणबाई, तुझ्या कसोट्या पाण्याखाली चालतात का?" असं चिडवायचा आणि घरी जाताना तिच्या व्हरांड्यात साफ केलेल्या फ्लॅटहेड माशांची पिशवी ठेवून जायचा.

एका उन्हाळ्यात पाणी तापलं आणि रोग पडून सामन पटापट मरू लागले. कंपनीने खाद्यात औषध मिसळलं आणि बाहेर कुणी ब्रही काढायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली. डॅरिलने तळाशी पाहिलं, तर सांडलेल्या त्या खाद्यावर खाडीतले फ्लॅटहेड तुटून पडलेले. तो तडक धक्क्यावर गेला. तिथे गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांना म्हणाला, "बाबांनो, सध्या इथला मासा पोटात घालू नका."

डॅरिलवर चौकशी बसली आणि नीतीची जाणकार म्हणून ग्वेनलाही तिथे बोलावलं. मॅनेजर ट्रेंट तयारी करून आला होता.

"परिणाम बघ. गिऱ्हाइकं पळाली तर अख्खं गाव घरी बसेल. कर्तव्य म्हणशील, तर तोंड बंद ठेवायच्या करारावर याची सही आहे. आणि भला माणूस स्वतःच्या सोबत्यांच्या पोटावर पाय देतो का? तुझेच धडे आहेत, ग्वेन. बोल, तुझं मत काय?"

डॅरिलने तिच्याकडे पाहिलं आणि खुर्चीत निवांत टेकला. आता आपली नोकरी वाचली, असंच त्याला वाटलं.

ग्वेनला उत्तर ठाऊक होतं. म्हाताऱ्यांना सांगणं बरोबर होतं आणि लपवणं चूक. एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. पण जिभेला ती सवयच नव्हती.

"दोन्ही बाजूंनी सबळ युक्तिवाद करता येतील," तिने सुरुवात केली आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या तोलून मांडल्या. निःपक्षपातीपणा म्हणे! माणूस डोळ्यांदेखत बुडतोय आणि बाई काठावरून पाण्याची खोली समजावून सांगतायत. ट्रेंटने तिचे आभार मानले आणि डॅरिलला काढून टाकलं.

बाहेर गाडीपाशी तिने त्याला गाठलं. "डॅरिल, मला म्हणायचं होतं..."

"राहू दे गं," तो म्हणाला. "अख्ख्या शेडमध्ये मीच एक गाढव, तुझं शिकवणं खरं धरून चाललो."

व्हरांड्यातली पिशवी बंद झाली.

पुढच्या तुकडीसाठी कंपनीने डॅरिलचीच गोष्ट, नाव गाळून, धड्यात घातली. ग्वेनने ती वाचून दाखवली. ट्रेंट मागच्या बाकावर बसला होता. मासे खोक्यांत भरणाऱ्या खात्यातल्या एका नव्या मुलीने हात वर केला. "पण त्या माणसाचं बरोबर होतं ना?"

ग्वेनने तिच्याकडे पाहिलं, मग ट्रेंटकडे. चष्मा कपाळावर सरकवला.

"तुला काय वाटतं?"