धाराशिवच्या पोरीनं जहाजाची मोटार बनवली तर बिघडलं कुठं?

मित्रांनो, आज एका कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात पाहुणा होतो. अजून डोकं तापलेलं आहे.

धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीच्या अंजलीनं मालवाहू जहाज डिझेलऐवजी विजेवर चालवणाऱ्या मोटारीचं मॉडेल केलं होतं. चालवून दाखवायला तिनं पाण्याचा टब मागितला. आयोजक म्हणाले, "गालिचा भिजंल."

मॉडेल पाण्यात चालताना न बघताच परीक्षक हसले, "पोरी, धाराशिवला समुद्र कुठं हाय? उसाचं कायतरी करायचं की!"

"सर, मोटार बनवायला समुद्र लागत न्हाय. दाखवायला टबभर पाणी लागतं, तेच तुम्ही देईनात."

परीक्षकांनी राज्य स्पर्धेला पाठवायच्या यादीतून तिचं नाव कापलं. मी सत्काराची शाल तिथंच परत केली, तरी निकाल बदलला नाही.

आपल्या मुलींनी कशावर डोकं चालवायचं, हे जिल्ह्याचा नकाशा बघून ठरवणार का?