पिंपळगावकरांची भावकी

नांदेडच्या बसस्थानकावरच्या फलकावर त्या सकाळी मला तीन पिंपळगावं दिसली. एक हदगावच्या बाजूचं, एक भोकरच्या पुढचं आणि तिसऱ्याच्या 'मार्गे'पुढचा रंग उडालेला. त्यांतलं पहिलं आमचं. उरलेल्या दोन्ही गावांतूनही माणसं बाहेर पडली असणार आणि जी पडली तीही पिंपळगावकर झाली असणार. गावाला पिंपळ होता म्हणून पिंपळगाव, आणि पिंपळ कुठल्या गावाला नसतो? त्यामुळे हे आडनाव जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेलं आहे. नाही ते फक्त पिंपळगावात. आमच्या गावात आजही सगळे पवार, मोरे आणि कदम. आजोबा नांदेडला गिरणीत कामाला आले, मुकादमाने "कुठला रे?" म्हणून विचारलं, त्यांनी गाव सांगितलं आणि ते आमच्या घराला चिकटलं. आमची कुळकथा एवढीच.

माझे चुलतभाऊ दादाराव यांना ती मान्य नाही. त्यांच्या मते निजामाने आमच्या खापरपणजोबांना अख्खं पिंपळगाव इनाम दिलं होतं. मग ते गेलं कुठे, असं विचारलं की दादाराव "काळाच्या ओघात" म्हणतात आणि सुपारी तोंडात टाकतात.

लातूरला जायची कल्पनाही त्यांचीच. माझी मुलगी मुक्ता दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यासाठी लातूरला केमिस्ट्रीच्या पिंपळगावकर सरांच्या क्लासला जायचं होतं. पण बॅच भरली होती.

"भरली तर भरू दे," दादाराव म्हणाले. "सर आपली भावकी (एका कुळातली घरं) हायत. नुसतं आडनाव सांग, पोरीची जागा पक्की."

"सर तेरणेकाठच्या पिंपळगावचे आहेत. आपलं हदगावकडचं."

"मूळ एकच हाय रे! तू लई हिशेब करून राहिला."

खाजगी पेढीत हिशेब लिहून केस पिकले, त्यामुळे सवय जात नाही. पण मुक्ता उंबऱ्यात पिशवी भरून उभी होती. मी निघालो.

नांदेड सोडलं की लोह्यापर्यंत रस्ता सपाट आहे. पुढे माळ सुरू होतो. पेरणीसाठी नांगरून टाकलेली काळी रानं, मध्येच गोट्यांचे उघडे चढ आणि एखाद्या चढावर एकटं कडुनिंबाचं झाड. बस भरलेली होती आणि प्रत्येक बाकावर एक पालक आणि एक मूल अशी जोडी होती. पालकांच्या मांडीवर मुलांच्या गुणपत्रिका होत्या. गावाकडच्या देवालाही लोक एवढ्या भक्तीने नारळ नेत नाहीत.

शेजारी रशीदभाई नावाचे बांगड्यांचे व्यापारी बसले होते. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं.

"सर के कौन हुवे आप?"

"अजून ठरायचंय," मी म्हणालो, आणि दादारावांच्या इनामाची हकीकत सांगितली.

रशीदभाई पोट धरून हसले. "मैं बी उदगीरकर हूँ साहेब. तो क्या उदगीर का किल्ला मेरे बाप का हुवा? चलो, मैं बी आजच जाके कब्जा मांगता!"

मुक्ताही हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

अहमदपूरच्या अलीकडे टायर पंक्चर झालं. कंडक्टरने खाली उतरवलं. रस्त्याकडेच्या हॉटेलात आम्ही सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ) खाल्ली. वर शेंगदाणे होते आणि मिरची अशी की मुक्ताच्या डोळ्यांना पाणी आलं. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग पाहुणे कुठले ते विचारलं. आमच्या भागात कोणी सरळ जात विचारत नाही, तेवढे आम्ही सभ्य आहोत. आडनाव, गाव आणि पाहुणे अशा तीन वळणांनी तिथे पोचतो. 'कर' लावलेल्या आडनावाने पहिलं वळण चुकतं, म्हणूनच ते पुष्कळांना आवडतं आणि विचारणाऱ्याला आवडत नाही. म्हातारा "बरं बरं" म्हणाला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं.

लातुरात शिरताना देवळांच्या शिखरांआधी क्लासचे फलक दिसले. त्यांवर गुणवत्ता यादीत आलेल्या मुलांचे पासपोर्टएवढे फोटो आणि मध्ये हात बांधून उभे असलेले सर, दारापेक्षा उंच. पिंपळगावकर सरांच्या फलकावर लिहिलं होतं, 'भूकंपाच्या ढिगाऱ्यातून यशाच्या शिखराकडे'. भूकंपाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. बहुतेक ढिगारे उचलले गेले होते, हा एवढा जाहिरातीला उरला होता.

सरांच्या कार्यालयाबाहेरच्या खोलीत आमच्या आधी दोन पालक बसले होते. एक भोकरचे आडते, एक शिरूर अनंतपाळचे शेतकरी. ओळख झाली. दोघेही पिंपळगावकर. तिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसे एकाच स्थळाला आलेले तीन नवरदेव.

सरांनी आम्हाला एकदमच आत बोलावलं. फलकावरच्या मानाने माणूस ठेंगणा निघाला. डोळे दमलेले होते.

"बोला."

"काय बोलायचं सर," आडते खुर्ची ओढत म्हणाले. "घरचंच काम हाय. आपली भावकी."

सरांनी पेन खाली ठेवलं. "भावकी? भूकंपात आमच्या घरातली चार माणसं गेली. सुतक पाळलं का तुम्ही?"

भावकीत मृत्यू झाला की सुतक पाळावं लागतं. घरात गोडधोड होत नाही, देवाला शिवत नाहीत. हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

"तवा कळालंच न्हाई, सर," आडते म्हणाले.

"पेपरात गावाचं नाव होतं."

शिरूरचे शेतकरी पुढे सरकले. "आमच्याकडं पाळलं की सर! म्या दाढीबी केली न्हवती."

"बरं झालं. कोणाकोणाचं पाळलं? नावं सांगा."

शेतकऱ्यांनी छताकडे पाहिलं. पंख्यावर नावं लिहिलेली नव्हती.

सर माझ्याकडे वळले. मुक्ताचा हात माझ्या बाहीला लागलेला होता. एक 'हाव, पाळलं' म्हटलं असतं तरी ते पचलं नसतं, हे मला दिसत होतं. पण पचलं असतं तरी म्हणवलं नसतं.

"नाही पाळलं," मी म्हणालो. "आमचं पिंपळगाव हदगावकडचं. तुमची आमची भावकी नाही. पोरीला मार्क चांगले आहेत. जागा असली तर द्या."

"जागा न्हाई. भिंतीला टेकून पोरं बसून राहिलीत." सरांनी दाराकडे पाहून आवाज दिला, "चहा आणा चार." मग आम्हाला म्हणाले, "दर जूनला भावकी येते. भूकंपाच्या साली कोणीच आलं न्हवतं."

मग मुक्ताने विचारलं, "सर, नावं काय होती?"

सर तिच्याकडे बघत राहिले. फलकावर ढिगारा रंगवून घेणाऱ्या माणसाला हे आजवर कोणी विचारलं नसावं. "आई कौसल्या," ते म्हणाले. "थोरला भाऊ व्यंकट. वहिनी सुमन." थोडं थांबून म्हणाले, "तिची बारकी. तिचं बारसं व्हायचं होतं."

चहा आला. तिन्ही पिंपळगावकरांनी मान खाली घालून तो प्यायला. साखर जास्त होती, पण तसं म्हणायची वेळ नव्हती. जागा कोणालाच मिळाली नाही.

परतीच्या बसमध्ये मुक्ता खिडकीशी बसून होती. लोह्याच्या आसपास ती म्हणाली, "बाबा, मी नांदेडलाच शिकते." रडली असेल तर तोंड खिडकीकडे होतं. मी विचारलं नाही.

घरी दादाराव वाट पाहत ओट्यावरच बसले होते. "निघालं का नातं?"

"नाही. सुतक बाकी होतं." मी सगळं सांगितलं.

दादाराव जरा वेळ सुपारी चघळत राहिले. मग हात झटकून म्हणाले, "ते पिंपळगाव आपलं न्हाईच. म्या तर भूकंपाच्या दिवशीच सांगितलं होतं सगळ्यांला."

खरं होतं. त्या सकाळी नात्यातली माणसं घाबरून चौकशीला येत होती आणि दादाराव याच ओट्यावर उभे राहून प्रत्येकाला हसून सांगत होते, काळजी करू नका, ते पिंपळगाव आपलं न्हाई. मुक्ता तेव्हा लहान होती, पण इथेच होती.

"हाव काका," चपला काढत ती म्हणाली. "आणि आज सकाळपर्यंत ते आपलं होतं."

दादाराव पानाचा डबा शोधू लागले. तो त्यांच्या मांडीवरच होता.