गाडीमागे उभा राहणारा माणूस

त्या दिवशी मी आणि आमची सौ. विश्रांतवाडीहून परत येत होतो. तिची बहीण तिथं असते. वाटेत सिग्नल लागला. आमची ही नवी छोटी गाडी अशी आहे की सिग्नलला थांबली की इंजिन आपलं आपण बंद होतं, आणि ब्रेकवरचा पाय उचलला की चालू. पेट्रोल वाचतं म्हणतात. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं गाडी बंद पडली, मी बॉनेट उघडायला खाली उतरायच्या बेतात होतो. तर गाडी अशी गप्प झालेली, आणि पडद्यावर नाव आलं, बबन. फोन गाडीला जोडलेला असतो, बटण दाबलं की बोलणारा चारी दारांतून बोलतो. बबन आठवडाभर दवाखान्यात होता. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "काय रे बबन्या, सोडलं का तुला घरी?" पलीकडे त्याची लेक सुनीता होती. "काका..." म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "काका, बाबा गेले हो." इंजिनाचा आवाज नाही, काचा वर, आणि ते वाक्य चारी बाजूंनी आलं. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले. त्यांना काय माहीत. मी पाय उचलला, गाडी चालू झाली.

बबन माझा क्लीनर. क्लीनर म्हणजे गाडी पुसणारा, असं हल्लीच्या लोकांना वाटतं. ट्रकवर क्लीनर म्हणजे ड्रायव्हरचे पाठीमागचे डोळे. मी मार्केट यार्डात माल आणायचो तेव्हा बबन माझ्या गाडीवर होता, वयानं माझ्याच बरोबरीचा. ट्रक मागे घेताना तो मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" ओरडायचा आणि थांबायचं झालं की ट्रकच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, हाताची एक थाप. त्या थापेवर माझा इतका भरवसा होता की मी आरशात बघतसुद्धा नसे. एकदा जुन्या कात्रज घाटात कांद्यानं भरलेला ट्रक चढावर बंद पडला. ब्रेक धरेना. मी पेडलवर अक्षरशः उभा राहिलोय आणि ट्रक मागे सरकतोच आहे. मागे वळण, वळणाखाली दरी. बबन्यानं उडी टाकली, कडेचा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. ट्रक थांबला. पण त्याच्या उजव्या हाताची करंगळी चाक आणि दगडाच्या मध्ये सापडली. अर्धी गेली. फडकं गुंडाळून केबिनमध्ये चढला नि म्हणतो, "ड्रायव्हर, अर्धी हाय अजून. तू बघ गाडी चालू होतेय का." मी आज हे लिहायला बसलोय तो त्या दगडामुळं. पुढं तो स्वतः ड्रायव्हर झाला, टुरिस्टची गाडी घेतली, बिबवेवाडीत आमच्याच सोसायटीत समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायला आला. पण मला शेवटपर्यंत ड्रायव्हरच म्हणायचा.

आमच्या इथं कोपऱ्यावर चहाची टपरी आहे, तिथं स्टँडवरचे ड्रायव्हर जमतात. नव्या गाड्यांत काय काय आलंय यावर तिथं रोज भांडण. माझं मत ठरलेलं, की हे सगळं गाडी न येणाऱ्यांसाठी आहे. बबन तसा नव्हता. तो एकेक गोष्ट बसून, दाबून, वाकून बघायचा आणि मगच बोलायचा. हिंजवडीला कंपनीची माणसं सोडणारा एक तरुण ड्रायव्हर सनरूफचं कौतुक करायला लागला, तर बबन म्हणाला, "पुण्यात छताला भोक पाडून बघायचं काय? मेट्रोचा खांब?" टचस्क्रीनवर त्याचा राग. म्हणायचा, "एसी कमी करायचा तर आधी पडद्यावर पंख्याचं चित्र हुडका. तवर पुढचा रिक्षावाला वळून चहा पिऊन येतो. जुन्या बटणाला न बघता हात जायचा की." पण एअरबॅगला नावं ठेवलेली त्याला चालायची नाहीत. आणि पट्टा लावला नाही की गाडी टुंगटुंग करते, म्हणून काही जण पट्टा पाठीमागून अडकवून त्यावर बसतात, त्यांची तर तो शोभाच करायचा. "गाडीला फसवलंस राजा, झाडाला कसा फसवणार?" सगळे हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी निदान त्याच्यासमोर तरी पट्टे छातीवर दिसायचे.

माझ्या संदीपनं ही गाडी आणली तेव्हा माझा डावा गुडघा पार गेला होता. म्हणाला, "बाबा, खास तुमच्यासाठी घेतली, हिला क्लच नाही." मी म्हणालो, "मग डावा पाय घरी ठेवून येऊ का?" आणि हात लावला नाही गाडीला. बबननं ऐकलं, सकाळी येऊन शेजारच्या सीटवर बसला आणि पट्टा लावून हाक मारली, "ड्रायव्हर, बस तर. शिव्या चालवता चालवता दे." त्यानं मला थेट जुन्या कात्रज घाटात नेलं. चढावर थांबवलं. म्हणाला, "आता ब्रेक सोड नि लगेच रेस दे." मी सोडला. माझा उजवा पाय रेसवर पोचेस्तोवर गाडी जागची हलली नाही. तिनं स्वतःच धरून ठेवलं. "परत कर," म्हणाला, आणि स्वतः खाली उतरून कडेला जाऊन मागच्या चाकाकडे बघत राहिला. मी तेच केलं, चार हात पुढं जाऊन थांबलो. तो चालत आला. अर्धी करंगळी चोळत होता आणि हसत होता.

"माझी नोकरी गेली की रे!"

"मग त्यात हसण्यासारखं काय आहे?" मला खरंच राग आला होता.

"आरं, कुणाच्या तरी पोराची बोटं राहतील. हसू नको तर काय रडू?"

त्या दिवसापासून मी गाडी चालवायला लागलो. पुढं जायला काही अडचण नव्हती. मागे घ्यायचं म्हटलं की पंचाईत, कारण माझी मान वळत नाही. मणक्याचं काहीतरी आहे. गाडीला मागं कॅमेरा आहे, मागचा गिअर टाकला की पडद्यावर सगळं दिसतं, हिरवी, पिवळी, लाल रेघ येते. पण ज्या गोष्टीकडे माझी पाठ आहे ती टीव्हीत बघून गाडी हाकायची हे मला पटेना. आणि गरज काय होती? बबन होता. मी निघालो की तो खिडकीतून बघायचा आणि खाली यायचा. "येऊ दे, येऊ दे..." आणि डिकीवर थाप. परत आलो की तेच. एकदा तो सुनीताकडे गेला होता आणि मी एकट्यानं गाडी लावायला गेलो, तर सोसायटीच्या सेक्रेटरींची स्कूटर आडवी केली. सेक्रेटरी म्हणाले, "नाना, आपण ट्रक चालवायचात ना? मग बरोबर आहे." संदीप तसं काही बोलला नाही. त्यानं फक्त हात पुढं केला. "बाबा, एकट्याला मागं घेता येत नसेल तर किल्ली द्या. माणूस असेल तेव्हाच गाडी, असं नाही चालत." मी म्हणालो, बबन आला की बघू.

बबन आला. मला वाटलं माझी बाजू घेईल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरगं बरोबर बोलतंय. मी आता मागं उभा राहणार न्हाई." किल्ली माझ्या मुठीत होती ती मी आणखी घट्ट धरली. सगळा जन्म स्टिअरिंगमागे गेलेला माणूस मी, मला मागच्या सीटवर बसवून फिरवणार? आणि त्यात हा सामील? मी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या छातीचं दुखणं डॉक्टरांनी त्याला तेव्हा सांगितलेलं होतं, हे मला माहीत नव्हतं. सुनीतानं परवा सांगितलं.

रविवारी खाली गेलो तर हा आमच्या पार्किंगच्या मागच्या भिंतीशी उकिडवा बसलेला. शेजारी गेटचा उरलेला पांढरा ऑइलपेंट. ब्रश वाळून दगड झाला होता, तो फेकून दिलेला. मी काही विचारायच्या आत त्यानं सरळ हात डब्यात बुडवला आणि भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मारली थाप. पांढरा पंजा उठला, साडेचार बोटांचा. "बस गाडीत," म्हणाला. "मागचा गिअर टाक. माझ्याकडं बघू नको, पडद्यात बघ. हात मधोमध ठेव. लाल रेघेला टेकला की थांब." मी टाकला गिअर. गाडी टिकटिक करायला लागली. पडद्यावर अंधारी भिंत आणि तिच्यावर तो हात, हळूहळू रेघेकडं येणारा. टेकला. मी थांबलो. उतरून बघितलं तर भिंत आणि बंपर यांच्यात बरोबर एक माणूस तिरका जाईल एवढी जागा. "पुन्हा," म्हणाला. पुन्हा केलं. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो करवून घेत होता, आणि एकदाही गाडीमागे उभा राहिला नाही. शेवटी टर्पेंटाइननं हात पुसत म्हणाला, "मी मारून ठिवलीय थाप. आता रोज मारायला लावू नको."

संध्याकाळी संदीपनं शेजारी बसून बघितलं. किल्लीचा विषय परत निघाला नाही.

शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. नाकात नळ्या होत्या, बोलायची मनाई होती, पण तो कुठला ऐकतोय. "लावतोस का नीट?" मी म्हणालो, "लावतो. पण तुझा हात जरा तिरका पडलाय." तर म्हणतो, "भिंत तिरकी हाय." मग हसताना त्याला ढास लागली आणि नर्सनं मलाच बाहेर काढलं. त्याला आभार वगैरे म्हणायचं राहून गेलं. म्हणालो असतो तरी त्यानं टिंगलच केली असती. म्हणून इथं लिहून ठेवतो. घाटातला दगड त्यानं ठेवला म्हणून मी आहे, आणि भिंतीवर हात ठेवला म्हणून या वयात माझ्या बायकोला मी तिच्या बहिणीकडं स्वतः घेऊन जातो, कुणाला हाक न मारता.

गेल्या आठवड्यात सोसायटीनं पार्किंग रंगवायला काढलं. सेक्रेटरी म्हणाले, "नाना, ते तुमचं पुसून घेतो हं, विद्रूप दिसतंय." मी म्हणालो, "अहो, तो सिग्नल आहे. पुसलात तर स्कूटर तुमच्या जबाबदारीवर लावा." त्यांनी एकदा स्कूटरकडं बघितलं. मग रंगाऱ्याला म्हणाले, "तेवढं सोडून मार रे." रंगाऱ्यानं बोटांच्या भोवतीनं काही रंगवलं नाही, चौकोन सोडून दिलाय नुसता. पण हात पुरा आहे.

काल आम्ही परत आलो. गिअर टाकला, टिकटिक सुरू झाली, पडद्यावर भिंत आली आणि तिच्यावर हात. मधोमध धरला. टेकला. थांबलो. सौ. म्हणाली, "उतरायचं ना?" मी म्हणालो, "थांब जरा." गिअर मागचाच ठेवला होता, पाय ब्रेकवर. मागचा गिअर काढला की पडद्यावरनं हात जातो.