पायरी नव्हती, कठडा होता

"काकू, पायरीवरून घसरल्यावर दोन्ही टाचा एकदम फुटत नाहीत," डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले. "किती उंचावरून पडलात?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे फरशीकडं बघत होते. पायरीची गोष्ट ह्यांनीच रिक्षात जुळवली होती आणि मी मान डोलावली होती.

पाय ठणकत होते, तरी मी एक्स-रे मागून घेतला. टाचेच्या हाडाला कॅल्केनियस म्हणतात. माझं दोन्हीकडचं हाड चेपलेल्या खारी बिस्किटासारखं दिसत होतं. मग मी खरं सांगितलं.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दौलताबादच्या किल्ल्यावर गेलो होतो. हे म्हणाले, कठड्यावर बस, मागं लांबपर्यंतचं सगळं फोटोत येईल. बसल्यावर मीच म्हणाले, आता उभी राहते. वाऱ्यानं ओढणी तोंडावर आली आणि तोल गेला. दरीच्या अलीकडं दहा-बारा फूट खाली दगडी सपाटी होती, म्हणून वाचले. पडले ती पायांवर.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. उंचावरून टाचांवर पडलं की दणका पाठीत जातो. मणका बघावाच लागेल."

सीटी स्कॅनसाठी दोन तास बाहेर स्ट्रेचरवर होते. रिपोर्टमध्ये एल-वन कम्प्रेशन फ्रॅक्चर निघालं, म्हणजे कमरेचा पहिला मणका दबला होता. नसा वाचल्या होत्या. रिक्षातून आले तेव्हा निभावलं, पण कुणी न बघता मला पुन्हा उठवून बसवलं असतं, तर पाय कायमचे जाऊ शकले असते, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

ऑपरेशन टळलं. प्लास्टर, पाठीला पट्टा, आणि तीन महिने पाय टेकायचा नाही. रोज सकाळी डॉक्टर अंगठ्याला पिन टोचून विचारत, कळतंय का? मी त्या टोचण्याची वाट बघायचे.

खाटेवर पडल्या पडल्या एकच गोष्ट मनात घोळायची. घरात माळ्यावरचा डबा काढायला मी स्टुलावर चढत नाही, चक्कर येते. मग कठड्यावर भीती कुठं गेली? खूप आठवून बघितलं. त्या वेळी मला दरी दिसतच नव्हती. हनुवटी जाड दिसेल का, एवढंच मी ह्यांना विचारत होते. डॉक्टरांना सांगितलं, तर ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अजून सांगा. हे मला कुणी सांगत नाही."

तिसऱ्या आठवड्यात पाचोडहून नणंद आल्या. त्यांनाही पायरीचंच कळलेलं. किल्ल्याच्या पायऱ्या लई झिजल्यात, कुणी लक्षच देत नाय, असं त्या बोलत राहिल्या. हे खिडकीशी उभे होते.

"पायऱ्या नीट होत्या, ताई," हे म्हणाले. "मी हिला कठड्यावर चढवलं."

"उभी मात्र मी राहिले," मी म्हणाले.

ताईंनी सोबत आणलेला डबा उघडून ह्यांच्यापुढं ठेवला. इतके दिवस अर्ध्या भाकरीवर उठणारे हे त्या दिवशी पोटभर जेवले.

तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर अशी वेळ आली, तर डॉक्टरांपासून काही लपवू नका. लाज वाटते, मलाही वाटली. पण माझी कंबर वाचली ती त्यांनी पुन्हा विचारलं म्हणून, आणि मी खरं बोलले म्हणून. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

तीन महिन्यांनी फिजिओथेरपीच्या खोलीत दोन दांड्यांना धरून मला उभं केलं. टाचांतून कळ गेली. मग हळूहळू तळव्यांना फरशी गार लागायला लागली. इतक्या दिवसांत असलं काही पायाला लागलं नव्हतं. शिकवणारी मुलगी म्हणाली, पहिल्या दिवशी एवढं पुरे, बसा. ह्यांनी खुर्ची पुढं केली.

"थांबा," मी म्हटलं. "अजून जरा उभी राहू द्या."